स्कॅन बघून औषधाचं माप ठरवणं: कुठं जमतं, कुठं फसतं

गोदाकाठ (धागा सुरू)

कर्करोगाच्या टार्गेटेड औषधांचा डोस आपल्याकडं ठरतो कसा? गोळी असेल तर सगळ्यांना सारखीच. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, ऑसिमर्टिनिब ८० मिलिग्रॅम; घेणारी कळंबची ४० किलोची बाई असो की नांदेडचा ९० किलोचा गडी. सलाइनमधून जाणारी अँटिबॉडी असेल तर बऱ्याचदा किलोवर. दोन्हीकडं धरून चालायचं एकच, की रक्तात गेलं म्हणजे गाठीत गेलं. मंडळाच्या पर्जन्यमापकात ६५ मिलिमीटर नोंदले म्हणून आपल्या शिवारात ओल आली असं नसतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

औषध गाठीत किती उतरलं हे स्कॅनवर मोजून पुढचा डोस ठरवता येतो का, यावर इथं बोलू. कोणत्या औषधाला हे खरंच जमतं आणि कुठं नुसती हौस आहे, हेही येऊ द्या.

सगळ्यात सरळ उदाहरण ल्युटेशियम-१७७ चं. न्यूरोएंडोक्राइन गाठींवर डोटाटेट नावाच्या पेप्टाइडला हे किरणोत्सारी ल्युटेशियम जोडून देतात. त्याचे बीटा कण गाठीत जास्तीत जास्त २ मिलिमीटरभर जातात आणि तिथंच काम करतात. सोबत २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे थोडे गॅमा किरण बाहेर पडतात, ते गॅमा कॅमेऱ्याला दिसतात. म्हणजे वेगळं काही टोचायला नको, दिलेल्या औषधाचाच फोटो निघतो. अर्धायुकाल ६.६५ दिवस, त्यामुळं चार दिवसांनीही मोजण्याइतकं शिल्लक असतं.

ठरलेला डोस काय? २०१७ मध्ये आलेल्या नेटर-१ चाचणीत दर ८ आठवड्यांनी ७.४ गिगाबेकरेल (किरणोत्साराचं माप), म्हणजे २०० मिलिक्युरी, अशा ४ फेऱ्या होत्या. जगभर तोच आकडा चालतो. तो वजनावरही नाही आणि गाठींच्या संख्येवरही नाही. मर्यादा मात्र अवयवांच्या आहेत: किडनीला २३ ग्रे (अवयवात शोषलेल्या किरणांचं माप), बोनमॅरोला २ ग्रे. त्यातला २३ चा आकडा बाहेरून देतात त्या रेडिएशनवरून उसना घेतलेला आहे, हे लक्षात ठेवा.

आता हिशोब. डोसनंतर साधारण ९६ तासांनी एकच स्पेक्ट-सीटी (गॅमा कॅमेरा आणि सीटी एकत्र) काढायचा आणि किडनीत दर ग्रॅममागं किती मेगाबेकरेल आहेत ते मोजायचं. मग

किडनीचा डोस (ग्रे) = ०.२५ × दर ग्रॅम मेगाबेकरेल × डोसनंतरचे तास

हे सूत्र चालण्याचं कारण असं, की स्कॅनची वेळ प्रभावी अर्धायुकालाच्या (किरणं विरणं आणि शरीरातून निघून जाणं दोन्ही धरून अवयवातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) पाऊण ते अडीच पटीत असली तर लवकर उतरणाऱ्या आणि सावकाश उतरणाऱ्या किडनीतली चूक आपोआप बरीचशी भरून निघते. डोटाटेटसाठी किडनीतला प्रभावी अर्धायुकाल साधारण ५० तास धरा.

समजा ९६ तासांना आकडा आला ०.१५. म्हणजे ०.२५ × ०.१५ × ९६ = ३.६ ग्रे. चार फेऱ्यांचे १४.४. सहा दिल्या तरी २१.६, अजून मर्यादेच्या आत. दुसऱ्या पेशंटचा आकडा ०.२५ आला तर एका फेरीचे ६ ग्रे आणि चौथ्या फेरीलाच २४. दोघांना दिलं तेच २०० मिलिक्युरी. एकाला दोन फेऱ्या कमी पडल्या, दुसऱ्याची किडनी मर्यादेबाहेर गेली. स्वीडनमध्ये उप्सालाच्या गटानं २०० पेशंटमध्ये फेऱ्यांची संख्या अशीच किडनीच्या हिशोबानं ठरवली होती.

आपल्या भागाची अडचण साधी आहे. हे उपचार घ्यायला पेशंट मुंबई, पुणे किंवा हैदराबादला जातो आणि दुसऱ्या दिवशी गावाकडं निघतो. चौथ्या दिवशीचा स्कॅन त्यामुळं राहून जातो. डोस सोमवारी घ्या, स्कॅन शुक्रवारी पडतो. गुरुवारी डोस घेतला तर स्कॅन सोमवारी, मधे रविवार आणि लॉजचं जास्तीचं भाडं.

मोजपट्टी

चांगला विषय घेतलात. सूत्र दोन ओळींचं आहे, पण त्यातला 'दर ग्रॅम मेगाबेकरेल' हा शब्द जेवढा निरागस दिसतो तेवढा नाही. कॅमेरा मेगाबेकरेल मोजत नाही, तो ठिपके मोजतो. ठिपक्यांचे मेगाबेकरेल करायला कॅलिब्रेशन लागतं, आणि निम्मा घोळ तिथंच होतो.

६-७ लिटरचं प्लास्टिकचं नळकांडं घ्या, त्यात मोजलेलं ल्युटेशियम पाण्यात मिसळा आणि पेशंटचा करता तसाच स्कॅन करा. कॉलिमेटर (कॅमेऱ्यापुढची शिशाची जाळी) मीडियम एनर्जीचा, ऊर्जेची खिडकी २०८ वर २० टक्के, दोन्ही बाजूंना स्कॅटरच्या खिडक्या, सीटीवरून अटेन्युएशन करेक्शन. पेशंटसाठी पुनर्रचनेची जी सेटिंग वापरणार तीच इथं. साध्या पाण्यात ल्युटेशियम नळकांड्याच्या भिंतीला चिकटतं, मग मधे कमी आणि कडेला जास्त दिसतं. थोडं डीटीपीए किंवा पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं की एकसारखं राहतं. हे वगळलं तर कॅलिब्रेशनचा आकडा सुरुवातीपासूनच वाकडा.

दुसरं, सिरिंज. डोस कॅलिब्रेटरवर (डोस मोजायच्या यंत्रावर) ल्युटेशियमचंच सेटिंग आहे का, बाटली आणि सिरिंज यांचे गुणक वेगळे लावलेत का, ते बघा. दिल्यानंतर रिकामी बाटली आणि नळी परत मोजा. नळीत राहिलेलं वजा न करता २०० लिहिलं तर पुढचे सगळे हिशोब फुगतात.

तिसरं, घड्याळं. कॅलिब्रेटरचं, कॅमेऱ्याचं आणि भिंतीवरचं अशी तीन घड्याळं असतात आणि तिघांचं एकमत क्वचितच. ल्युटेशियमला १० मिनिटांनी काही बिघडत नाही. उपचाराआधीच्या पेट स्कॅनसाठी टोचतात त्या गॅलियम-६८ ला मात्र बिघडतं, अर्धायुकाल ६८ मिनिटांचा. १० मिनिटांची चूक म्हणजे सुमारे ११ टक्के. फ्लोरिन-१८ ला (११० मिनिटं) तीच चूक साडेसहा टक्क्यांची. रोज सकाळी एकदा घड्याळं जुळवायला काय जातं?

चौथं, किडनीभोवती रेघ कशी ओढता. संपूर्ण किडनी घेतली तर मधल्या पेल्व्हिसमधली लघवीही मोजली जाते. सिस्ट असेल तर ती वगळा, नाहीतर सरासरी खाली येते. उजवी किडनी लिव्हरच्या गाठीला चिकटून दिसते, डावी प्लीहेला; तिथला उजेड किडनीवर सांडतो. काही ठिकाणी किडनीच्या गाभ्यात २ ते ४ मिलिलिटरचे छोटे गोळे ठेवून सरासरी काढतात, तो मार्ग जास्त सुटसुटीत. पद्धत कोणती का असेना, पहिल्या फेरीला घेतली तीच शेवटपर्यंत.

अवांतर: तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत भाभा केंद्र जे ल्युटेशियम बनवतं, त्यात ल्युटेशियम-१७७एम चा अगदी बारीक अंश असतो. त्याचा अर्धायुकाल १६० दिवस. मोजमापाला त्रास नाही, पण कचऱ्याच्या खोलीत 'दहा अर्धायुकाल झाले, टाका' हा ६.६५ दिवसांचा हिशोब लावाल तर सर्व्हे मीटर तुम्हाला खोटं पाडेल.

दुधना

एक शंका. चौथ्या दिवसाची वाट कशाला बघायची? आधीच्या गॅलियम पेटवर गाठ किती चमकते ते दिसतंच की. एसयूव्ही (चमक मोजायचा आकडा) जास्त तर डोस कमी, एसयूव्ही कमी तर डोस जास्त, असं नाही का करता येत?

गोदाकाठ

@दुधना, नाही. गॅलियम पेट गॅलियम टोचल्यावर ६० मिनिटांनी काढतात. त्या चित्रात औषध आलं एवढं दिसतं, टिकलं किती ते दिसत नाही. पाहुणा दारात आला आणि पाहुणा चार दिवस राहिला, यात फरक आहे. ग्रेचा हिशोब राहण्यावर होतो.

पेटचा उपयोग डोस द्यायचा की नाही हे ठरवायला. प्रोस्टेटच्या ल्युटेशियम-पीएसएमएसाठी (पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींवरचं प्रथिन) व्हिजन चाचणीनं (२०२१) निकष ठेवला तो असा: गाठ लिव्हरपेक्षा जास्त चमकली पाहिजे, आणि न चमकणारी मोठी गाठ असता कामा नये. मोठी म्हणजे लिम्फ नोड अडीच सेंटिमीटरच्या वर, लिव्हर-फुप्फुसासारख्या अवयवात १ सेंटिमीटरच्या वर. ऑस्ट्रेलियातल्या थेरापी चाचणीचा निकष आणखी कडक: एका ठिकाणी तरी एसयूव्ही मॅक्स २० किंवा जास्त, मोजण्याजोग्या बाकी गाठींत १० च्या वर, आणि एफडीजी पेटवर (साखरेसारखा पदार्थ टोचून काढलेल्या) चमकते पण पीएसएमएवर नाही अशी गाठ असली तर पेशंट बाद. कमी चमकणाऱ्याला डोस वाढवून द्या, असं दोन्हीकडं कुणी म्हटलेलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वाढवलेलं औषध किडनीत आणि लाळग्रंथीत जाऊन बसेल.

थेरापीची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. पहिला डोस ८.५ गिगाबेकरेल, पुढं प्रत्येक फेरीला अर्धा गिगाबेकरेल कमी. गाठी आटत जातात तसं औषध शोषणारं कोठार लहान होतं, आणि तेवढाच डोस दिला तर उरलेला भाग निरोगी अवयवांना जातो. त्यातच डोसनंतरच्या २४ तासांच्या स्पेक्टवर गाठी जवळजवळ विझलेल्या दिसल्या तर पुढच्या फेऱ्या थांबवून ठेवायचे, आजार परत डोकं वर काढेपर्यंत. स्कॅन बघून डोस ठरवणं म्हणतात ते हेच, आणि त्याला ना सूत्र लागलं ना सॉफ्टवेअर.

या कोठाराच्या कारणानंच पहिल्या फेरीची किडनी मोजून तोच आकडा चारनं गुणणं धोक्याचं आहे. किमान पहिली आणि शेवटून दुसरी फेरी मोजा.

तेरणा

+१, विशेषतः शेवटच्या वाक्याला.

एक विरोधी मुद्दा मांडते. जगण्याचा फायदा सिद्ध झाला तो ठरलेल्या डोसनं. मोजून दिलेलं ल्युटेशियम ठरलेल्या डोसपेक्षा सरस, असं मोठ्या यादृच्छिक चाचणीत दाखवलेलं नाही. लिव्हरच्या कर्करोगात किरणोत्सारी यट्रियम-९० च्या काचमण्यांबाबत मात्र दाखवलंय. डोसिस्फीअर-०१ (२०२१) मध्ये ६० पेशंट होते. एका गटात लिव्हरच्या भागाला सरसकट १२० ग्रेच्या आसपास, दुसऱ्यात गाठीला किमान २०५ ग्रे पोचतील असा चित्रावरून काढलेला डोस. प्रतिसाद ३६ टक्के विरुद्ध ७१ टक्के. पण मणी म्हणजे औषध नव्हे. ते रक्तवाहिनीत अडकून बसतात, हलत नाहीत, म्हणून हिशोब सोपा. तिथला निकाल उचलून ल्युटेशियमला चिकटवू नका.

गोदाकाठ

@तेरणाताई, मान्य. युरोपात २०१३ च्या युराटॉम निर्देशानुसार किरणोत्सारी उपचार प्रत्येक पेशंटसाठी वेगळा आखावा असा कायदाच आहे, तरी तिथंही बहुतेक ठिकाणी ७.४ च चालतं. माझं म्हणणं एवढंच की मोजमाप किडनीसाठी तरी करा. कधी थांबायचं हे सांगायला चाचणीची वाट बघायची गरज नाही.

बालाघाटवारा

ल्युटेशियमचं चालू द्या, पण मराठवाड्यातल्या दहा पेशंटपैकी नऊ जणांचा त्याच्याशी संबंध येत नाही. आपल्या जिल्ह्याच्या गावी चित्र बघून टार्गेटेड औषधाचा डोस रोज ठरतो तो इको मशीनवर. ट्रास्टुझुमॅब, स्तनाच्या हर-२ पॉझिटिव्ह कर्करोगावरची अँटिबॉडी. त्यावर कुणी बोलत नाही कारण त्यात किरण नाहीत.

नियम असा. सुरू करण्याआधी इको, नंतर दर ३ महिन्यांनी. हृदयाचं इजेक्शन फ्रॅक्शन (इएफ) पहिल्यापेक्षा १६ अंकांनी किंवा जास्त पडलं तर औषध किमान ४ आठवडे थांबवा. किंवा १० अंकांनी पडलं आणि शिवाय त्या केंद्राच्या नॉर्मलच्या खालच्या रेषेखाली गेलं, तरी थांबवा. थांबवल्यावर दर ४ आठवड्यांनी इको. ८ आठवड्यांपेक्षा जास्त काळ खालीच राहिलं, किंवा हृदयामुळं तीनपेक्षा जास्त वेळा थांबवावं लागलं, तर कायमचं बंद.

आकड्यांत बघा. केंद्राची खालची रेषा ५३ धरू. ६५ वरून ५४: ११ नं पडलं, पण रेषेच्या वर. चालू ठेवा, पुढचा इको लवकर. ६२ वरून ५०: १२ नं पडलं आणि रेषेखाली. थांबवा. ७२ वरून ५६: रेषेच्या वर असलं तरी १६ नं पडलं. थांबवा. हा तिसरा प्रकार 'इएफ नॉर्मल आहे' असं लिहून हमखास सुटतो, कारण रिपोर्ट लिहिणाऱ्यासमोर पहिला इको नसतो.

फसतं कुठं? पहिला इको लातूरला, दुसरा सोलापूरला, तिसरा गावातल्या शिबिरात. एकानं एम-मोडवरून काढलं, दुसऱ्यानं बायप्लेन सिम्पसननं, तिसऱ्यानं नजरेनं '५५-६०' लिहिलं. साध्या टूडी इकोमध्ये दोन मोजण्यांत १० अंकांचा फरक नुसत्या हातामुळं पडू शकतो. आपला थांबवायचा उंबरठाच १० चा! म्हणून मशीन तेच, माणूस तोच, पद्धत बायप्लेन सिम्पसन, आणि त्या दिवशीचा बीपी आणि नाडी रिपोर्टवर. हिमोग्लोबिन ७ आणि नाडी १२० असताना काढलेलं इएफ तुलनेला घेऊ नका. स्ट्रेन (हृदयाचा स्नायू किती आकसतो) मोजायची सोय असेल तर त्याचा आकडा, जीएलएस, पहिल्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त (टक्के, अंक नव्हे) उतरलं की सावध व्हा; ते इएफच्या आधी पडतं.

आता थांबवून परत सुरू करताना. तीन आठवड्यांचा क्रम असेल तर पहिला डोस किलोला ८ मिलिग्रॅम, पुढचे ६. ठरलेल्या तारखेपासून आठवड्याहून जास्त उशीर झाला की परत ८ पासून. ५२ किलोच्या बाईला ४१६ आणि ३१२ मिलिग्रॅम. इकोची तारीख मिळाली नाही म्हणून डोस दहा दिवस पुढं गेला, तर तिला १०४ मिलिग्रॅम जास्त लागतं आणि ते पैसे कुणाच्या तरी खिशातून जातात. इको डोसच्या आठवडाभर आधी करून ठेवा. डोसच्या दिवशी नको.

दुधना

फार्मसीच्या बाजूनं बालाघाटवाऱ्याला जोड. ४४० मिलिग्रॅमची बाटली सोबतच्या २० मिलिलिटर पाण्यात विरघळवली की मिलिलिटरला २१ मिलिग्रॅम होतं. ३१२ म्हणजे १४.९ मिलिलिटर, ४१६ म्हणजे १९.८. हलवायची नाही, हळू फिरवायची. फेस झाला की माप चुकतं. सोबतचं पाणी बॅक्टेरिओस्टॅटिक असेल तर उरलेलं २ ते ८ अंशांत २८ दिवस राहतं. साध्या इंजेक्शनच्या पाण्यात केलं असेल तर उरलेलं टाकून द्यायचं. लोडशेडिंगच्या दिवसांत फ्रिजचा पारा लिहून ठेवत नसाल तर ते २८ दिवस फक्त कागदावर.

२५० मिलिलिटर नॉर्मल सलाइनमध्येच घालायचं, डेक्स्ट्रोजमध्ये नाही. हे मुद्दाम सांगतो कारण त्याच घराण्यातलं ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन अगदी उलट आहे: ५ टक्के डेक्स्ट्रोज, सलाइन चालत नाही. नावं सारखी, बाटल्या शेजारी शेजारी, आणि डोस वेगळे. चिठ्ठीवर नुसतं 'ट्रास्टु' लिहिणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

तेरणा

डेरक्सटेकन निघालंच आहे तर त्याचं चित्र फुप्फुसाचं. डोस किलोला ५.४ मिलिग्रॅम, कमी करायच्या पायऱ्या ४.४ आणि ३.२. पन्नास किलोला २७०, २२०, १६०. फुप्फुसाला सूज येणं हा यातला जिवावरचा धोका. म्हणून सुरुवातीला एचआरसीटी (फुप्फुसाचा बारीक कापांचा सीटी) आणि मग ६ ते १२ आठवड्यांनी, खोकला असो वा नसो.

काहीच त्रास नाही पण सीटीवर नवा धुरकट पट्टा दिसला, तर औषध थांबवायचं. पूर्ण साफ होईपर्यंत द्यायचं नाही. २८ दिवसांच्या आत साफ झालं तर तोच डोस, जास्त लागले तर एक पायरी खाली. खोकला किंवा दम सुरू झालेला असेल तर औषध कायमचं बंद, आणि स्टिरॉइड किलोला किमान १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. 'थोडा कमी करून बघू' याला इथं जागा नाही.

आपल्याकडचा गुंता टीबीचा. सीटी वाचणाऱ्यानं फरक लिहावा: औषधाची सूज बहुधा दोन्ही बाजूंना, धुरकट, खालच्या भागात आणि कडेला. टीबी वरच्या भागात, फांदीला कळ्या आल्यासारखे ठिपके, पोकळी, मधल्या गाठी. शंका असेल तर आधी थुंकीची सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी), गरज पडली तर ब्रॉन्कोस्कोपी. टीबीवर स्टिरॉइड सुरू केलं की तो पसरतो. आणि उलट, टीबी समजून सहा महिन्यांची औषधं लावली आणि डेरक्सटेकन चालूच ठेवलं, तर पेशंट हातचा जातो.

सीटीसाठी एक साधी सूचना: पूर्ण श्वास आत घेऊन. अर्धवट श्वासात फुप्फुसाचा खालचा भाग आपोआप धुरकट दिसतो. शंका वाटली तर पालथं झोपवून खालचे काप परत घ्या. वजनानं दबलेला भाग मोकळा होतो, सूज तशीच राहते.

काळीमाती

गोळ्यांबद्दल कुणी लिहीना म्हणून मी लिहितो. इमॅटिनिब आणि जिस्ट (पोटा-आतड्याच्या भिंतीत होणारी गाठ). पेशंटला ४०० सुरू केलं, तीन महिन्यांनी सीटी, रिपोर्टवर 'गाठ ९.० वरून ९.४ सेंटिमीटर'. घरचे घाबरतात, डॉक्टरही ८०० करायच्या बेतात येतात. थांबा. आत काय झालंय ते बघा. जिस्टची गाठ औषधानं मरते तेव्हा आतून पाणथळ होते, कधी रक्त साचून फुगतेही. चोई निकषानुसार आकार १० टक्क्यांनी घटला किंवा घनता १५ टक्क्यांनी घटली, तर प्रतिसाद आहे. ८२ हाउन्सफील्डची (सीटीवरच्या घनतेचं एकक) ६४ झाली म्हणजे २२ टक्के घट. औषध लागू पडलंय, डोस तोच ठेवा.

ही घनता मोजायची पोर्टल फेजमध्ये, म्हणजे इंजेक्शननंतर साधारण ७० सेकंदांनी, पूर्ण गाठीभोवती रेघ ओढून. पहिला सीटी १२० केव्हीला आणि दुसरा १०० केव्हीला काढला, तर कॉन्ट्रास्ट दुसऱ्यात आपोआप उजळ दिसतो आणि सगळी तुलना मातीत. पहिल्याला आर्टेरियल, दुसऱ्याला पोर्टल, हाही नेहमीचा घोळ.

खरा बिघाड दिसतो तो वेगळा: काळ्या पाणथळ गाठीच्या आत नवा उजळ गोळा. बाहेरचा आकार तेवढाच असतो, म्हणून टेपनं मोजणाऱ्याला सापडत नाही. तो दिसला की ८०० चा विचार. किट जनुकाच्या ९ क्रमांकाच्या एक्सॉनमध्ये बदल असेल तर ८०० चा विचार पहिल्यापासूनच.

दुधना

मग अँटिबॉडी कुठं जाते हे बघायची सोयच नाही का? म्हणजे ट्रास्टुझुमॅब गाठीत उतरतंय की नाही?

गोदाकाठ

आहे, पण संशोधनापुरती. ट्रास्टुझुमॅबला झिर्कोनियम-८९ जोडून पेट काढतात. अँटिबॉडी सावकाश पोचते, म्हणून स्कॅन ४ ते ५ दिवसांनी. झिर्कोनियमचा अर्धायुकाल ७८ तास, तो जुळतो. त्यातून डोसबद्दल फार शिकण्यासारखं निघालं. आधी कधी ट्रास्टुझुमॅब न घेतलेल्या बाईला १० मिलिग्रॅम दिलं तर ते रक्तातून लवकर निघून जातं आणि गाठी दिसत नाहीत. चांगलं चित्र यायला ५० मिलिग्रॅम लागतात. जी आधीच उपचारावर आहे तिला १० पुरतात. म्हणजे शरीरातल्या बाकीच्या खड्ड्यांत आधी भर पडते, मग गाठीची पाळी.

झेफिर चाचणीत (२०१६) ५६ बायका होत्या, सगळ्या तपासणीत हर-२ पॉझिटिव्ह. तरी २९ टक्क्यांत या पेटवर गाठी चमकल्याच नाहीत. सुईनं काढलेला तुकडा एका गाठीचा असतो, स्कॅन सगळ्या शरीराचा.

हार्मोनवरच्या औषधाचं उदाहरण याहून बोलकं. एफईएस (फ्लोरिन-१८ जोडलेलं इस्ट्रोजेन) पेटवर इस्ट्रोजेन रिसेप्टर दिसतात. फुलव्हेस्ट्रंट ५०० मिलिग्रॅम पूर्ण डोसात दिल्यावर रिसेप्टर झाकले गेले का हे १६ बायकांत बघितलं (२०१५). सहा जणींत ते पुरते झाकले गेले नव्हते, आणि आजारही त्यांचाच आधी वाढला. लेबलवर 'पूर्ण डोस' आणि गाठीत अपुरा, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. हा स्कॅन करताना दोन अटी: टॅमॉक्सिफेन बंद करून ८ आठवडे, फुलव्हेस्ट्रंट बंद करून २८ आठवडे झालेले असावेत, नाहीतर गाठी असून दिसणार नाहीत (औषधाचाच परिणाम मोजायचा असेल तर गोष्ट वेगळी). आणि लिव्हर मुळातच उजळतं, तिथल्या गाठींबद्दल यावरून काही बोलू नये.

आणि मराठवाड्यात असा ट्रेसर आणायचा म्हटलं तर फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉनपासून गाडीनं येतो. चार तासांच्या रस्त्याला २२ टक्के उरतो, पाच तासांच्याला १५. घाटात ट्रक उलटला की त्या दिवशीचे पेशंट परत.

बालाघाटवारा

@गोदाकाठ, बाहेरगावी पाठवताना सोबत काय द्यायचं तेही लिहा. इथून जाणाऱ्या फाइलमध्ये सगळं असतं, कामाचं सोडून.

मोजपट्टी

मी लिहितो. फिल्म नको, फिल्मचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो तर मुळीच नको. त्यावरून एसयूव्ही काढता येत नाही. मूळ चित्रांची डायकॉम सीडी किंवा पेनड्राइव्ह. पेटच्या रिपोर्टवर टोचलेला डोस, टोचल्याची आणि स्कॅनची वेळ, त्या दिवशीचं वजन. ८५ चं ५८ लिहिलं गेलं तर एसयूव्ही तिसऱ्या हिश्श्यानं खाली येतो आणि नसलेली सुधारणा दिसते. डोटाटेट उपचाराला जाणार असेल तर शेवटचं लांब पल्ल्याचं ऑक्ट्रिओटाइड (याच गाठींवरचं हार्मोनचं इंजेक्शन) कोणत्या तारखेला दिलं ते हवंच. उपचाराआधी ४ आठवडे बंद लागतं, छोट्या पल्ल्याचं २४ तास. ते न लिहिल्यामुळं माणूस मुंबईला जाऊन हात हलवत परत येतो.

किडनीसाठी लायसिन २५ ग्रॅम आणि आर्जिनिन २५ ग्रॅम एक लिटरमध्ये, डोसच्या अर्धा तास आधी सुरू करून ४ तास. यानं किडनीचा डोस जवळपास निम्म्यावर येतो. त्याऐवजी पोषणासाठीचं सर्वसाधारण अमिनो ॲसिडचं सलाइन लावलं तर उलट्या होतात, आणि उलटीत पेशंट ते बंद करायला लावतो. लायसिन-आर्जिनिननं रक्तातलं पोटॅशियम वर जातं, म्हणून आदल्या दिवशीचं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन फाइलला लावा.

परतीच्या प्रवासाबद्दल: केंद्र सोडताना दिलेल्या सूचना लेखी घ्या. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसच्या भरल्या डब्यात रात्रभर गरोदर बाई किंवा लहान लेकराच्या शेजारी बसू नका. जमलं तर वेगळी गाडी, मागची सीट. भरपूर पाणी, बसून लघवी, दोनदा पाणी टाकणं.

काळीमाती

आमच्या इथले एक काका विचारायलेत: सोमवारी डोस झाला, शुक्रवारी कॅमेरा बंद पडला. शनिवारी काढला तर चालेल का, का रविवारी, का आता सोडूनच द्यायचं?

गोदाकाठ

शनिवारी चालेल. सूत्रात ९६ च्या जागी १२० लिहायचे. किडनीचा प्रभावी अर्धायुकाल ५० तास धरला तर शुक्रवारी चूक २ टक्क्यांच्या आत, शनिवारी आकडा ९ टक्के कमी येतो. रविवारी (१४४ तास) २० टक्क्यांहून जास्त कमी येतो, म्हणजे किडनी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटते, आणि तीच चूक नको असलेली. चौथा दिवस साधणारच नसेल तर पुढं ढकलण्यापेक्षा अलीकडं या. बुधवारी, ४८ तासांना काढलेला स्कॅन रविवारच्या स्कॅनपेक्षा कितीतरी बरा. पण मंगळवारी, २४ तासांचा नको; त्यात चूक ३० टक्क्यांची.

हे सगळं डोटाटेटसाठी. काकांचा आजार प्रोस्टेटचा असेल तर पीएसएमए किडनीतून लवकर उतरतं, त्यांनी ७२ तासांच्या पुढं जाऊ नये. कोणतं औषध दिलंय ते डिस्चार्ज कार्डावर बघून कळवा, आणि टोचल्याची वेळ मिनिटासकट.